वाल्ववाले काकाजी

त्या घरात नळाले नंबर होते. खरंच सांगते, थट्टा नाई. नळाच्या डोक्यावर पितळेची गोल चकती, तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे कोरलेले अन् एक काटा. हात धुवायले दोन. भांडे घासायले चार. आंघोळीले पाच. दहा नंबर फक्त घराले आग लागली तं. अन् माह्या मोरीतला नळ तीनच्या पुढं जायचाच नाई, कारण काकाजीनं तिथं एक पिन ठोकून ठेवली होती. पहिल्याच दिवशी मी केस धुवायले बसली. डोक्याले शाम्पू, डोळे बंद, अन् वरून तीन नंबरची धार! पाव तास झाला तरी फेस निघेना. मी आतूनच ओरडली, "काकाजी, पाणी येऊन नाई राहिलं!"

बाहेरून एकदम शांत आवाज आला, "येऊन राहिलं. तुले घाई होऊन राहिली."

असा माणूस! मी गोंदियाची. छत्तीसगडात स्टील प्लांटच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली अन् स्मृती नगरात काकाजीकडं खोली घेतली. काकाजी प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये हायड्रॉलिकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशिनीचे, फोरमन होते, नुकतेच रिटायर झालेले. पोरं शिकायले बाहेरगावी. खोली भाड्यानं द्यायची कल्पना काकूची. तिले घरात बोलायले माणूस पाहिजे होतं, कारण काकाजी माणसाशी बोलतच नसत. माणसाले समजावून सांगत.

अन् समजावून सांगायचं एकच. "प्रेशर म्हणजे ताकद, फ्लो म्हणजे स्पीड. दोघाईची गल्लत करू नको." हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकलं असन, देवाले माहीत. शेजारचं पोरगं दहावीत फेल झालं, त्याच्या बापाले म्हणे, "पोरात प्रेशर आहे, फ्लो नाई." लग्नाच्या पंगतीत वाढपी धावून राहिला अन् भाजी काई येईना, तं म्हणे, "फ्लो आहे, प्रेशर नाई." माह्या टायपिंगचं नाव निघालं तं माह्याकडं पाहिलंबी नाई अन् काकूले म्हणे, "ही पोरगी म्हणजे नुसता फ्लो."

दुसरी गोष्ट पुठ्ठा. शर्टाच्या खिशात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा कायम. हायड्रॉलिकच्या पाइपाले बारीक भोक पडलं की तेलाची धार सुईसारखी निघते म्हणे. डोळ्याले दिसत नाई, बोटात घुसते. म्हणून पाइपावर हात फिरवायचा नाई, पुठ्ठा फिरवायचा. पुठ्ठा ओला झाला की गळती तिथं. कबूल, मिलमध्ये असन बरोबर. पण हे गृहस्थ घरच्या गॅसच्या नळीवरून पुठ्ठा फिरवत. कुकरभोवती फिरवत. एकदा कुम्हारीले यायच्या ओळखीत लग्न होतं, तिथं जिलबीच्या भट्टीच्या नळीवरून पुठ्ठा फिरवायले लागले. हलवायानं मान वर केली अन् म्हणाला, "मामाजी, हवा मत करो, भट्टी बुझ जाएगी." काकू पदरात तोंड घालून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. आमी दोघीनं ठरवून टाकलं होतं, कोणी विचारलं तं हे आमच्यासोबत नाईत.

आता खरी गोष्ट सांगते.

बोरसी गावाच्या पुढं काकूच्या नावानं तीन एकर होतं. काकू उमरेडकडची, शेतकऱ्याच्या घरची, अन् तिच्या माहेरी पेरणी सरत्यानं होत होती. सरता म्हणजे तिफणीच्या मागं बांधलेली बांबूची नळी, वर वाटीसारखं तोंड. बैल पुढं चालतात, बाई मागं चालते, अन् मुठीतून एकेक दाणा त्या तोंडात सोडत जाते. किती सोडायचं हे कोणी सांगत नाई. पायाखाली माती कशी आहे ते पायाले समजते अन् मूठ आपोआप सैल नाई तं घट्ट होते. काकूच्या मुठीले गावात नाव होतं. लग्नाआधी पहिल्या ओळीले दुसऱ्याच्या शेतातूनबी बोलावणं यायचं.

अन् इथलं शेत काई एकसारखं नाई. वरची बाजू भाटा, म्हणजे लाल मुरमाची, ओल टिकत नाई. तिथं पातळ पेरायचं, कारण जास्त झाडं झाली तं सगळीच तहानेनं मरतात. खालची बाजू कन्हार, म्हणजे काळी, चिकट, ओल धरणारी. तिथं दाट चालते. पण इथं पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं, मागं पेरणीयंत्र. त्याच्या पेटीत बी भरायचं, खाली नऊ नळ्या, नऊ ओळी. काकू दर वर्षी बांधावर उभी राहून एकच म्हणायची, "आंधळा आहे हा डब्बा. वरबी तेवढंच टाकते, खालीबी तेवढंच."

नोकरीत होते तोवर काकाजीनं हे ऐकून सोडून दिलं. रिटायर झाल्यावर ऐकलं अन् लागलं की नाई मनाले! जसं काई काकूनं मशीन नावाच्या सगळ्या जातीले शिवी दिली. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणे, "तुह्या मुठीचं मी मशीन बनवतो."

काकू म्हणे, "आधी गिरणीतून गहू आणा."

गहू मीच आणला. काकाजी कामाले लागले होते.

आता ते काय करून राहिले होते हे मले इतक्या वेळा समजावलं गेलं आहे की झोपेतबी सांगीन. साध्या पेरणीयंत्राले एक चाक असते. ते जमिनीवर फिरते, त्याची चेन वरच्या दांड्याले, दांड्यावर खाचेचे रोलर, रोलर फिरला की दाणे खाली. चाक जितकं फिरन तितके दाणे. कमी-जास्त करायचं तं थांबा, उतरा, लिव्हर सरकवा, मंग चाला. काकाजीनं काय केलं, ती चेनच काढून टाकली. दांड्याले हायड्रॉलिकची मोटर लावली. ट्रॅक्टरले ट्रॉली उचलायसाठी तेलाचं प्रेशर असतेच, त्या तोंडाले नळी जोडली, ते तेल मोटरीत, अन् मधात वाल्व. वाल्व उघडला की तेल जास्त, मोटर जोरात, दाणे जास्त. बंद केला की कमी. थांबायचं काम नाई, उतरायचं काम नाई. "चालता चालता बी बदलते!" हे म्हणताना यायचे डोळे असे चमकत की मलेबी थोडं चमकल्यासारखं व्हायचं, खोटं कशाले बोलू.

मोटर प्लांटमधून नाई आणली बरं का. त्या बाबतीत माणूस सोन्याचा. नोकरीभर एक वॉशर घरी आणला नाई, गेटवर स्वतःच खिसे उलटे करून दाखवत. कुम्हारीच्या एका भंगारवाल्याकडून जुनी मोटर घेतली अन् बसमध्ये मांडीवर घेऊन आले, नव्या बाळासारखी, टॉवेलात गुंडाळून. शेजारच्या बाईनं कौतुकानं टॉवेल उचकून पाहिला अन् घाबरून सीट बदलली.

अन् मंग सुरू झालं मॅन्युअल. मशीन अर्धीबी झाली नव्हती अन् यायले तिचं ऑपरेटिंग मॅन्युअल पाहिजे होतं, इंग्रजीत, टाइप केलेलं, तीन कॉप्या. मी ड्युटीवरून आली की चहा समोर अन् चहाच्या मागं टाइपरायटर. काकाजी मागं हात बांधून फेऱ्या मारत सांगत, "दि ऑपरेटर शाल..." अन् मी टाइप करायची. माह्या बोटाले सवय, वाक्य कुठी चाललं हे दिसलं की बोटं पुढं पळतात.

"थांब! मी 'शाल' म्हटलं. तू 'शाल नॉट' टाइप करून टाकलं!"

"काकाजी, तुमच्या सगळ्याच वाक्यात 'नॉट' आहे!"

"या वाक्यात नव्हतं!"

"मंग पुढं काय होतं?"

"आता विसरलो ना मी! तू मधात पळाली!"

काकू आतून म्हणे, "पोरीले जेवू द्या जी." तं म्हणे, "एक क्लॉज." त्या घरात मी किती पोळ्या एक क्लॉजपायी थंड्या खाल्ल्या, सांगता सोय नाई.

दिवाळी झाल्यावर मशीन तयार झाली. बोरसीचा मंगलू, ज्याचा ट्रॅक्टर आमी भाड्यानं घेत होतो, तो ट्रॅक्टर घेऊन आमच्या अंगणातच आला. मशीन विटांवर चढवली, तेलाची नळी जोडली अन् नऊ नळ्यांखाली घरच्या नऊ वाट्या. बी मोजायले. अर्धी गल्ली जमा. ट्रॅक्टर सुरू झाला, काकाजीनं वाल्व चारवर ठेवला अन् नऊच्या नऊ वाट्यात एकसारखे दाणे पडले. सहावर ठेवला तं जास्त, पण परत नऊबी सारखे. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. काकाजीनं वाट्या वजन करायले आत नेल्या त्या परत दिल्याच नाई. त्या दिवशी जेवताना काकूनं ताटातच वरण ओतलं अन् म्हणे, "भाताचा बांध घाला."

मंग काकाजीकडं पाहून म्हणे, "अंगणात छान पडलं. अंगणात पेरायचं आहे का?"

काकाजी म्हणे, "थिअरी सगळीकडं एकच असते."

आता बियाचं सांगते, कारण जीव त्याच्यात होता. काकूजवळ हरभऱ्याचं गावरान बी होतं. बारीक, तपकिरी, सुरकुतलेलं, दिसायले काईच नाई. तिच्या आईच्या घरचं. लग्नात ओटीत आलं होतं म्हणे, अन् तेव्हापासून दर वर्षी पेरायचं, त्यातलंच निवडून राखेत अन् कडुलिंबाच्या पाल्यात कोठीएवढा डब्बा भरून ठेवायचं. त्या वर्षी तिच्या भावाची चिट्ठी आली होती. तिकडं सगळ्यांनी नवीन टपोरं बी धरलं, जुनं कोणाकडंच राहिलं नाई, तुह्याकडं असन तं थोडं ठेव. म्हणजे जे होतं ते या डब्ब्यातच होतं. दुसरीकडं कुठीच नाई.

अन् काकाजीले तेच बी पाहिजे होतं. कारण अंगणात वाट्यात मोजलं ते माप त्याच्याच मूठभर दाण्याचं. दुसऱ्या दाण्याले माप बदलते.

काकू डब्ब्यावर हात ठेवून बसली. "दाट पडलं, वाया गेलं, तं?"

"चूक होऊच शकत नाई."

"होऊच शकत नाई म्हणू नका. झाली तं काय, ते सांगा."

"थिअरीत चूकच नाई तं काय सांगू?"

मले इतका राग आला की मी म्हटलं, "काकाजी, अर्धं तरी ठेवू द्या तिले!" तं म्हणे, "अर्ध्या डब्ब्यानं तीन एकर कसं होईन? हिशोब कर." काकू माह्याकडं पाहून हसली. कंटाळलेलं हसू. अन् तिनं डब्बा दिला. मले अजूनबी समजत नाई कावून दिला. इतके वर्षं संसार केला की माणूस डब्बा देऊन टाकत असन.

वापसा आला, म्हणजे माती पेरायले अगदी बरोबर झाली, ना चिखल ना ढेकूळ. असा वापसा दोन-तीन दिवस टिकते, मंग गेला. नशिबानं रविवार होता. आमी सकाळीच शेतावर. मंगलू ट्रॅक्टरवर, काकाजी मशीनच्या मागच्या फळीवर उभे, एका हातात वाल्व, दुसऱ्या हातात माह्याच टाइप केलेला चार्ट. चार्टवर दोन ओळी. भाटा, चार. कन्हार, सहा. बस. तीन एकर शेत अन् दोन आकडे.

वरच्या बाजूनं निघाले. मुरमाड जमीन, ट्रॅक्टर झपझप. काकू मागून चालत होती, अनवाणी, अन् मी तिच्या मागं चपला हातात घेऊन. वर ठीक चाललं होतं. थोडं जास्तच पातळ, पण ठीक. मंग ट्रॅक्टर कन्हारात उतरला. काकाजीनं ऐटीत वाल्व सहावर केला. अन् तिथं माती चिकट, ट्रॅक्टरचं चाक जागीच घसरायले लागलं, मंगलूनं इंजिन वाढवलं, आवाज हा मोठा, पण गाडी चालते गोगलगाईसारखी. अन् मोटर? मोटरीले काय, तिले तेल भेटून राहिलं. ती आपली गरगर, गरगर. बी पडते आहे, पडते आहे, पडते आहे.

काकू एकदम खाली बसली. बोटानं ओळ उकरली, वीत टेकवली अन् मोजले.

"अवो! थांबवा! एका वितीत एकवीस दाणे! हार गुंफायचा आहे का?"

काकाजी फळीवरून ओरडले, "काटा पाहा! सहावर आहे! बरोबर आहे!"

"काटा नाई पेरायचा आपल्याले!"

थांबले का? नाई थांबले. शेताच्या टोकाले जाऊन वळले अन् दुसरी फेरी सुरू केली. कारण म्हणे एका फेरीनं काईच सिद्ध होत नाई! मी पळत पळत मशीनच्या बाजूनं, पेटीत पाहिलं तं बी दिसता दिसता खाली. दोन फेऱ्यात तिसरा हिस्सा गायब. तिचं सगळं बी, कुठीच न भेटणारं, अन् हा माणूस चार्ट धरून उभा! मी ओरडली, "काकाजी, बस करा ना!" तं मलेच म्हणे, "घाई करू नको."

काकू शेतातून आडवी चालत गेली अन् ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी. मंगलूनं ब्रेक मारला, इंजिन बंद केलं अन् कपाळ पुसत छत्तीसगढीत बोलला.

"कका, कन्हार मा गाड़ी धीमा हो जाथे। फेर तोर बीजा ला ये बात कोन बताही?"

गाडी हळू झाली हे बियाले कोण सांगन? बस, इतकंच.

काकाजी फळीवर तसेच उभे. मले वाटलं आता थिअरी निघन. पण नाई निघाली. त्यायचं तोंड असं झालं होतं जसं कोणी भर मिलमध्ये लाइट घालवली. कारण पहा ना, अख्खी नोकरी या माणसानं मिलमध्ये काढली. तिथं रोलर एका स्पीडनं फिरते अन् लाल लोखंड त्याच स्पीडनं येते. लोखंड कधी चिखलात फसत नाई. मशीन पुढं चालते ती एकसारखीच चालते, हे यायले इतकं पाठ होतं की विचारायचंबी सुचलं नाई. जुन्या यंत्राचं ते साधं चाक होतं ना, ते हळू फिरलं की दाणेबी हळू पडत. त्या चाकाले माहीत होतं. यायनं तेच काढून फेकलं होतं. अन् मी मॅन्युअलच्या तीन कॉप्या काढल्या, मलेबी नाई दिसलं, हेही सांगते.

मंग काकाजी म्हणे, "चाकाचं स्पीड मोजणारं काई तरी लावावं लागन. मंग वाल्व आपोआप... पंधरा दिवस द्या मले."

"पंधरा दिवसात ही माती वीट होते," काकू म्हणे. "उतरा."

"काय?"

"खाली उतरा."

ते उतरले. काकूनं पदर खोचला अन् फळीवर चढली. उलटी नाई, सुलटी नाई, आडवी बसली, एक डोळा ट्रॅक्टरच्या चाकावर अन् एक नळ्यांवर. "कमी कोणीकडं फिरते?"

"डावीकडं. पण चार्टमध्ये..."

"मंगलू, चाल बाबा."

अन् निघाले. मी सांगते, मी ते पाहिलं आहे. गाडी जरा अडखळली की तिचा हात डावीकडं. गाडी सुटली की उजवीकडं. मुरूम आला की जवळजवळ बंद. काकाजी मशीनच्या बाजूनं चालत, धापा टाकत, एका हातात वही. आता हिचेच आकडे लिहून घेऊन राहिले! "किती केलं? साडेपाच? सांग ना! चार?"

"मले काय माहीत किती! गप राहा जी, गाडीचा आवाज ऐकू द्या!"

नाल्याजवळच्या कोपऱ्यात तिनं एकदम पूर्ण उघडला. काकाजी किंचाळले, "अगं, दहा! दहा कावून?"

"इथं नाल्याच्या ओलीनं ढेकळं आहेत. अर्धं उगवतच नाई."

"हे तू मले कधी सांगितलं नाई!"

"तुमी विचारलं कधी?"

यावर मंगलू इतका हसला की गाडी वाकडी गेली अन् ती एक ओळ अजून वाकडीच आहे.

पण हसायचं नव्हतं, कारण पेटी रिकामी होत चालली होती अन् शेत बाकी होतं. मी पेटीत पाहायची अन् पुढं पाहायची, पेटीत अन् पुढं. नाई पुरत, नाई पुरत. काकूनंबी पाहिलं. अन् हात थोडा थोडा आवळत गेली. एकदम नाई. प्रत्येक फेरीले जरासा, असा की ओळ तुटली नाई पाहिजे अन् बी बांधापर्यंत गेलं पाहिजे. शेवटच्या फेरीत रोलर रिकामे खडखडायले लागले तेव्हा ट्रॅक्टरचं पुढचं चाक बांधाले लागलं होतं.

काकू उतरली. तिचा हात तेलानं काळा. डब्बा रिकामा, पेटी रिकामी. आता जे होतं ते जमिनीखाली, अन् त्यातला तिसरा हिस्सा एकावर एक गर्दी करून.

पुढचे आठ दिवस त्या घरात जे झालं ते देवानं दुश्मनालेबी देऊ नये. काकाजी बोलतच नव्हते. मी मनात म्हणायची, समजावा ना काई तरी, प्रेशर म्हणा, फ्लो म्हणा, काईबी म्हणा! जेवताना काकू म्हणाली, "उगवन तं खरं." अन् काकाजी ताटावरून उठून गेले. काकू मले म्हणे, "पाहिलं? बी माहं गेलं अन् समजूत यायची काढावी लागते."

नवव्या दिवशी सकाळी तिघं शेतावर गेलो. माही ड्युटी होती, पण मी म्हटलं, लेट मार्क लागू दे.

उगवलं होतं. वरच्या बाजूले विरळ विरळ, लाल मातीत हिरवे ठिपके, एकमेकांपासून अंतर ठेवून. खाली कन्हारात दाट, पण मोकळं. नाल्याच्या कोपऱ्यात अगदी पाहिजे तितकं, कारण अर्धं खरंच उगवलं नव्हतं. बांधाजवळच्या शेवटच्या ओळी पातळ होत्या, पण तुटल्या नव्हत्या. मी तं नाचलीच तिथं. काकूनं वाकून एका रोपाले नुसतं बोट लावलं.

काकाजी तिकडं आलेच नाई. ते सरळ त्या पहिल्या दोन फेऱ्यांकडं गेले. तिथं हरभरा उगवला होता दाढीच्या ब्रशासारखा. एकाले दुसरा चिकटून, पिवळा, लांबट, सगळे एकमेकाले ढकलून राहिले. ते तिथंच उभे राहिले, पाठ करून.

"अवो, इकडं या ना. इकडचं पाहा," काकूनं हाक मारली.

"ते तुहं आहे," ते म्हणाले. "माहं हे आहे."

आता सांगा, अशा माणसाले काय म्हणावं? चांगलं उगवलं आहे, बी वाचलं आहे, बायको बोलावून राहिली आहे, अन् हा माणूस आपली चूक धरून उभा! मी तोंड उघडणारच होती, पण काकूनं माहा हात दाबला.

काकाजी खाली बसले. पँट वर न करता, तशाच चिकट मातीत. खिशातून पुठ्ठा काढला, बाजूले ठेवला अन् ब्रशातलं एक रोप दोन बोटाईनं उपटलं. मंग दुसरं. शेजारचं हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं माती दाबून. त्या दोन फेऱ्या म्हणजे अठरा ओळी, कन्हाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मनात हिशोब केला अन् माह्या कमरेत कळ आली.

चार-पाच रोपं झाल्यावर त्यायनं मान वर केली.

"एका वितीत किती ठेवू?"

काकू चालत त्यायच्याजवळ गेली, समोरच्या ओळीवर बसली अन् माती चिमटीत घेऊन पाहिली.

"चार."

ते मोजून उपटायले लागले. काकू थोडी पुढं सरकली, परत माती पाहिली.

"थांबा. तिथं पाच ठेवा."

"आत्ता चार म्हणाली ना?"

"ते तिथलं होतं. हे इथलं आहे."

काकाजीनं उपटलेलं रोप हातात धरलं, त्याच्याकडं पाहिलं अन् परत मातीत खोचून दिलं.